रिकाम्या काट्याचं शून्य

माझी धाकटी बहीण काटे दुरुस्त करते. घड्याळाचे नव्हेत, वजनाचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे, इतकं अरुंद की जाडं गिऱ्हाईक आलं तर तिला स्टूल घेऊन बाहेर यावं लागतं. भिंतीला लोंबणारी पारडी, खाली ओळीनं मांडलेली लोखंडी वजनं आणि वर फळीवर एक लाकडी पेटी. त्या पेटीत पितळेची छोटी वजनं मखमलीत बसवलेली. दुसरी वजनं खरी की खोटी ते यांच्यावरून ठरतं. त्यांना ती उघडा हात लावत नाही, चिमट्यानं उचलते. हाताचा घाम लागला तरी फरक पडतो म्हणते. गल्लीत लहानथोर सगळे तिला काटाआत्या म्हणतात, आणि हल्ली मीही.

दुकान वडिलांचं. मी थोरला, म्हणजे ते खरं तर माझ्याकडे यायचं. वडिलांनी मला आठ दिवस बसवून पाहिलं आणि नवव्या दिवशी म्हणाले, "तू तोंड उघडलंस की वाऱ्यानं काटा हलतो. तू दुसरं काहीतरी बघ." सातवी पास होतो, पाय मजबूत होते, पोस्टमन झालो. चौतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं. पाकिटात काय आहे ते पोस्टमननं बघायचं नसतं, आलं की पोचवायचं. ही सवय मला पुढं कुठं घेऊन गेली ते सांगणारच आहे. पण आधी तिची एक गोष्ट ऐका, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही.

धान्याचे एक शेठ होते, बोलणं साखरेत घोळलेलं. काटाआत्या त्यांच्याकडे काटा तपासायला गेली. काटा रिकामा, आणि आकडा चाळीस ग्रॅम. शेठ म्हणाले, "पंख्याचा वारा आहे हो." तिनं पंखा बंद केला. चाळीस. "मग धूळ असेल." तिनं फडक्यानं पुसलं. चाळीस. "मग जमीन कलती असेल." तिनं काटा उचलून शेठच्या टेबलावर ठेवला. चाळीसच. तेव्हा शेठ हसले, "आत्या, चाळीस ग्रॅमनं कुणाचं घर बुडतं?" ही म्हणाली, "चाळीसचं जाऊ द्या शेठ. ज्याला रिकाम्या पोटी गप्प बसता येत नाही, त्याचं भरल्या पोटीचं बोलणं मी खरं कसं मानू?" बाजारात ते वाक्य महिनाभर फिरत होतं. म्हणजे, मी फिरवत होतो.

आता रागाकडे येतो. हा राग तीन वर्षं झाली तरी निवलेला नाही, आणि मी तो निवू देत नाही.

एके सकाळी वीस किलोचं वजन छातीशी धरून उचलताना तिला डाव्या स्तनात काहीतरी टणक लागलं. स्तन हा शब्द मी सत्तर वर्षांत मोठ्यानं उच्चारला नव्हता. आता चारचौघांत उच्चारतो. 'तिथं', 'त्या जागी', 'बायकांचं काहीतरी' असं पुटपुटत बसल्यानंच निम्मा घोटाळा झालाय. गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं धरून तिनं दोन महिने काढले. न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची असते, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. शाळेत आम्हाला नद्यांची नावं पाठ करायला लावली, स्वतःच्या अंगाचा धडा कुणी शिकवला नाही.

शेवटी तिनं माझ्या बायकोला सांगितलं. तिचे मालक बारा वर्षांपूर्वी गेले, मुलगा परगावी, त्यामुळे जे काय ते आम्हीच. बायकोनं दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो. अडीच तास बाकावर, आणि आत तीन मिनिटं. डॉक्टर पोरगेलासा, डोळे लाल, हातातल्या सोनोग्राफीच्या फोटोंवरून नजर न काढता म्हणाला, "बायोप्सी करायची. सुईनं गाठीतला तुकडा काढून तपासतात. गुरुवारी या."

"पण आहे काय?" काटाआत्यानं विचारलं.

"रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढचा पेशंट."

हातात एक कागद, सगळा इंग्रजीत. तीन माणसं त्या कागदाकडे बघत जिना उतरलो. तिघांत मिळून इंग्रजी किती, तर तारीख वाचता आली.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर तो मेसेज आला. माझ्याबरोबर पोस्टात असलेल्या जोडीदारानं पाठवलेला. 'गाठीला सुई लावू देऊ नका! सुई लागली की रोग अंगभर पसरतो. मोठ्या डॉक्टरांचा इशारा. आपल्या माणसांना वाचवा, सगळ्यांना पाठवा.' मी निम्मा वाचला आणि पोचवला. बहिणीला, घरच्या ग्रुपवर, जुन्या टपालवाल्यांच्या ग्रुपवर. अंगठा थांबेचना. काम केल्याचं समाधान वाटलं हो! ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

काटाआत्या सहसा माझं काही ऐकत नाही. हे मात्र तिला लगेच पटलं, आणि का पटलं ते बघा. प्रत्येक तपासलेल्या काट्याला तारेत ओवलेलं शिशाचं सील असतं. ते कोणी तोडलं की काटा बाद. लहानपणापासून तिच्या हातात हेच बसलेलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे दादा. बंद वस्तू बंद आहे तोवर ठीक. सील तोडलं की संपलं." गुरुवार आला आणि गेला. ती दुकानात बसून होती.

मग सल्ल्यांचा पूर आला. एक मावशी म्हणाली, आतले कपडे घट्ट घातल्यानं होतं. एक मामा म्हणाले, लहानपणी मार लागला असेल. शेजारीण म्हणाली, साखर सोड, गाठ उपाशी मरते. एका पुतण्यानं तिला चौदा व्हिडिओ पाठवले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. प्रत्येकाला माहिती होती. 'मला नाही बुवा माहीत' असं म्हणणारा एक निघाला नाही, मी धरून.

आणि गाठ विरघळवणारी पावडर म्हणून विकणारा तो पावडरवाला? त्याच्याकडे तिला मीच नेलं.

चपलांच्या दुकानावरची खोली. पांढरा कोट, भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे म्हणून पन्नास फोटो. तिनं दवाखान्याची फाइल पुढं केली तर हात जोडून म्हणाला, "ती बाजूला ठेवा, ताई. मी रिपोर्ट उघडत नाही. त्यातल्या आकड्यांनीच माणूस खचतो. मला हातात घेतलं तरी कळतं." फाइल बंद, डोळे बंद, आणि निदान चालू. मला तो फार थोर वाटला. पावडरीची बाटली घेऊन आलो.

घरी बायको म्हणाली, "अहो, तुमची जीभ होती तीच गावाला पुरत होती. आता अंगठ्यालाही जीभ फुटली का?" मी तिच्यावर ओरडलो. चूक असली की माझा आवाज चढतो.

असे पाच आठवडे गेले. पाच. हा आकडा लक्षात ठेवा.

एका दुपारी मी दुकानाच्या पायरीवर बसून काहीतरी सांगत होतो. काटाआत्या एक नवा काटा तपासत होती. काहीतरी सुटं तोलून बघायचं म्हणून तिनं पावडरीची नवी, न उघडलेली बाटली घेतली, पेला काट्यावर ठेवून शून्य केला आणि पावडर त्यात ओतली. लेबलवर शंभर ग्रॅम. भरली शहाऐंशी. तिनं काटा तपासला, पितळेची वजनं ठेवून पाहिली. काटा चोख. पुन्हा पावडर ठेवली. शहाऐंशी.

"दादा, हा वजनात खोटा आहे."

"औषधाचं वजन काय बघतेस? गुण बघ."

तिनं पावडर परत बाटलीत ओतली. मग चिमटा खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"त्यानं माझी फाइल उघडली होती?"

"नाही. त्याला हातात घेतलं तरी—"

"तो सुईचा मेसेज. कुणी लिहिला होता?"

"मोठ्या डॉक्टरांनी."

"नाव?"

"नाव... नव्हतं बहुतेक."

"तारीख?"

"तारीख कुठली असणार?"

"शिक्का नाही, तारीख नाही, कुणी तपासलं त्याचं नाव नाही. असा काटा माझ्या दुकानात आला तर मी काय करते?"

"भंगारात टाकतेस."

"आणि तू तो माझ्या छातीवर ठेवलास. पूर्ण वाचला तरी होतास?"

"वाचला की. म्हणजे... निम्मा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त दुकानाला कुलूप लावलं, समोरून एक खाकी पाकीट विकत घेतलं, त्याचं तोंड डिंकानं बंद केलं आणि म्हणाली, "चल."

पावडरवाल्याकडे सात-आठ बायका बसलेल्या. एक तर तिशीचीही नसेल, बाटली मांडीवर धरून. काटाआत्या सरळ पुढं गेली. "ही माझ्या नणंदेची फाइल. तिला येता येत नाही. तेवढं बघून सांगा."

त्यानं पाकीट दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले. "हं. उशीर केलात. पण वेळ गेलेली नाही. गाठ डाव्या बाजूला. वाटाण्यापेक्षा मोठी. सुई लावू दिली नाहीत, हे फार चांगलं केलंत. तीन बाटल्या."

"डावीच ना? नक्की?"

"बाई, हजारो बघितलेत."

तिनं पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं, फाडलं आणि त्याच्या टेबलावर उलटं धरून झटकलं. काही पडलं नाही. पुन्हा झटकलं. मग ते आतून उघडून एकेका बाईला दाखवत ती सगळ्या खोलीत फिरली. "रिकामं आहे. बघा. रिकामं. रिकाम्यावर हा वाटाण्याएवढी गाठ दाखवतो. भरलेल्यावर काय दाखवत असेल?"

पावडरवाला म्हणाला, "तुमची श्रद्धाच नव्हती, म्हणून—"

"माझी श्रद्धा होती हो! पाच आठवडे होती!" हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालच्या चपलांच्या दुकानातले लोक जिन्यात आले. "माझे पाच आठवडे दे परत. ते कुठल्या बाटलीत भरलेस? दाखव, मी तोलून घेते!"

तुम्हाला वाटेल सगळ्या बायका उठल्या असतील. नाही. ती तिशीची पोरगी उठली, बाटली टेबलावर आपटून गेली. बाकीच्या बसल्याच होत्या. एक तर आम्हालाच म्हणाली, "आमचा नंबर घालवू नका." माझा राग तिच्यावर नाही. जिथं तिला तीन मिनिटं मिळतात तिथं घाबरवतात, आणि इथं लबाड का होईना, हात जोडून ताई म्हणतात. राग त्याच्यावर आहे ज्याला हे पक्कं ठाऊक आहे आणि जो त्यावर दुकान थाटतो.

जिना उतरताना काटाआत्या म्हणाली, "मीही मूर्खच. बंद काटा आतून बिघडलाय का, ते सील न तोडता मला कधी कळलंय? सील तोडायचंच असतं. फक्त परवाना असलेल्यानं तोडायचं असतं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परत. तो मंगळवार होता. तळमजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत दर मंगळवारी एक नर्स बसते, स्तनाच्या आजाराबद्दल काहीही विचारा, फुकट, नंबर नको. हे आम्हाला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं की नाही? तशी पाटी होती, मी स्वतः पाहिली. खोलीच्या दाराआड भिंतीला लावलेली. दवाखाना चालू असला की दार उघडं, आणि दार उघडं असलं की पाटी दारामागं. म्हणजे पाटी वाचायची तर दवाखाना बंद असताना यायचं! ही पाटी तिथं ठोकणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. आम्हाला खोली सापडली ती फरशी पुसणाऱ्या बाईमुळं. तिनं काटाआत्याच्या हातातला कागद पाहिला आणि फडक्यासकट बोट दाखवलं.

सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. समोर वही. त्यांनी आधी आम्हाला बसायला लावलं आणि मग म्हणाल्या, "विचारा. घाई नाही."

"सुईनं पसरतो का?"

"पसरून बाईचा आजार बिघडला, असं तपासण्या करून करून कुठं दिसलेलं नाही. सुईच्या वाटेत एखादी पेशी हलल्याचं क्वचित आढळलंय, पण पुढच्या उपचारात तिचाही बंदोबस्त होतो. आणि सुई लावली नाही तर गाठ कसली आहे, कुठलं औषध लागेल, हे कुणालाच कळत नाही. कित्येक गाठी तर कॅन्सरच्या नसतातच."

"घट्ट कपड्यांनी होतो? मार लागल्यानं?"

"नाही. दोन्ही नाही."

"साखर सोडली की गाठ मरते?"

"नाही. नीट जेवा, ताकद लागेल."

मग काटाआत्यानं हातातल्या कागदाची घडी घातली. मला वाटलं आता उठेल. पण तिनं सिस्टरच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मी वाचेन का?"

सिस्टरनी चष्मा काढला. "मला माहीत नाही. आज कुणालाच माहीत नाही. रिपोर्ट आल्यावर तुमच्यासमोर डॉक्टरांना विचारू. प्रश्न लिहून ठेवते." आणि खरंच वहीत लिहिला.

काटाआत्यानं माझा हात घट्ट दाबला. "दादा, बघितलंस? काटा शून्यावर आला."

बाहेर आल्यावर तिनं सिस्टरनी दिलेली पुस्तिका आधी उलटी करून पाहिली. मराठीत होती. मागं लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं, छापल्याचं साल, पुन्हा तपासल्याचं साल. सगळं वाचून झाल्यावर मग तिनं पहिलं पान उघडलं. म्हणाली, "त्या लाल डोळ्यांच्या पोराचा काटाही शून्यावरच होता रे. पण त्यानं तो आपल्याकडे पाठ करून धरला होता."

सुई झाली. कॅन्सरच निघाला, दुसऱ्या टप्प्याचा. ऑपरेशन झालं, डावा स्तन गेला, काखेतल्या गाठी काढल्या, मग सलाईनमधून औषधं. केस गेले, नखं काळी पडली. तोंड इतकं सोललं की ती चक्क मला टोमणे मारायचीही थांबली. माझी बायको रोज तिच्याकडे. सिस्टर तिच्या प्रत्येक प्रश्नाला वही उघडत. औषधांच्या मधल्या एका मंगळवारी, काटाआत्या बाहेर बाकावर असताना, मी एकटा आत गेलो. चार दिवस पाठ केलेला प्रश्न विचारला.

"सिस्टर, ते पाच आठवडे. त्यानं काही फरक पडला का?"

त्यांनी चष्मा काढला, तेव्हाच मला उत्तर कळलं. "माहीत नाही, आजोबा. कदाचित नसेल पडला. कदाचित असेल. आता ते मोजता येणार नाही."

मला एखादा आकडा हवा होता. खोटा चालला असता. चाळीस ग्रॅम चालले असते. मिळालं ते शून्य, आणि ते घेऊन मी घरी आलो.

मी फोनवर दुरुस्ती पाठवली होती, 'सुईचा आधीचा मेसेज चुकीचा आहे.' तिघांनी अंगठा दाखवला, एकानं फुलाचं चित्र पाठवलं. मी मानलं, झालं. आठ महिन्यांनी तोच सुईचा मेसेज फिरत फिरत पुन्हा माझ्याच फोनवर आला, माझ्याच चुलतभावाकडून, वर लिहिलेलं, 'दादानं पाठवला होता, महत्त्वाचा आहे.' मी तो काटाआत्याला दाखवला. डोक्याला टोपी, डाव्या हातानं हळूहळू एक किलोचं वजन वरखाली करत होती, सिस्टरनी शिकवलेला व्यायाम.

"किती जणांना पाठवला होतास?"

मी फोन चाळला. "त्रेचाळीस. त्यातली एकतीस घरं गावात."

"पोस्टमन होतास ना? चुकीचं टपाल टाकलं तर काय करायचात?"

"परत जाऊन आणायचो."

"मग? चपला कुठायत तुझ्या?"

पहिलं घर मी पोस्टातल्या त्या जोडीदाराचं निवडलं. त्याच्याकडून मेसेज आला होता, म्हणून भांडायला. सगळी वाक्यं तयार होती. त्यानं दार उघडलं, मी सुरुवात केली, "अरे गाढवा, तुझ्या त्या मेसेजपायी—" आणि त्याच्या मागं त्याची सून येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. तो हळूच म्हणाला, "तिच्याचसाठी शोधला होता रे मी. तिला गाठ आहे. फार दिवस झाले."

"सुई?"

"तारीख दिली होती. मीच जाऊ दिलं नाही."

 सुनेनं कपाटातून कागद काढला, चार घड्या घातलेला, इंग्रजी, फक्त तारीख वाचता येणारा. मी म्हणालो, "पोरी, उद्या मंगळवार आहे. मी येतो न्यायला. चौदा नंबर. पाटी शोधू नकोस, ती दिसत नाही." जोडीदार म्हणाला, "आणि तिला काही झालं तर?" मी म्हणालो, "माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा एवढंच बोलून गप्प बसलो.

मंगळवारी तिला घेऊन गेलो. खोलीत सिस्टरच्या शेजारच्या खुर्चीवर काटाआत्या बसलेली. हल्ली दर मंगळवारी बसते. सल्ला देत नाही, नुसती घाबरलेल्या बाईशेजारी बसते आणि तिचे प्रश्न वहीत लिहून घेते. सुनेला तिनं जवळ बसवून घेतलं, हातातला कागद घेऊन टेबलावर घड्या मोडून सरळ केला. मीही भिंतीला टेकून एक स्टूल ओढलं.

तिनं वर बघितलं. "किती घरं राहिली?"

"तीस."

"मग इथं काय बसलायस?"